न मागितलेली माफी

माघातल्या एका मंगळवारी दुपारी धारेला माझ्या भावाचा अंत्यविधी झाला. भाऊ त्या वेळी देवासच्या शाळेत मुलांना भूगोल शिकवत होता.

ही दोन वाक्ये मी पुष्कळदा लिहून पाहिली आहेत. दर वेळी वाटते, वाचणारा थांबेल आणि म्हणेल की बाईंच्या हातून काहीतरी चुकले. पण चुकलेले नाही. आमच्या जातीत धर्म सोडणाऱ्या माणसाला जिवंतपणी मेलेला ठरवतात. त्याला घटस्फोट म्हणतात. हल्ली हा शब्द नवराबायकोच्या फारकतीला लावू लागले आहेत, पण आमच्या घरी त्याचा अर्थ घागरीपाशीच थांबलेला होता. त्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची, दक्षिणेला ठेवायची, आणि घरच्या दासीने ती डाव्या पायाने लवंडायची. पाणी जमिनीत जिरले की नातलगांनी म्हणायचे, हा आजपासून आमचा नाही. मग सर्वांनी आंघोळ करून घरी जायचे.

लवंडण्याचे काम दासीचेच, हा नियम मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हता.

गेल्या पंधरवड्यात एकदा शाळेतून येताना टेकडीच्या मागच्या वाटेने आले. तिकडे एक अफूचे शेत फुललेले दिसले. पूर्वी माघ लागला की माळव्यात जिकडेतिकडे हेच पांढरे दिसायचे. आता पेरणी फार कमी झाली आहे, बंद होणार म्हणतात. अफूच्या फुलाला सांगण्यासारखा वास नसतो. पाकळ्या इतक्या पातळ असतात की वाऱ्याने नुसत्या कापतात, आणि दोन-तीन दिवसांत गळतात. मी बांधावर उभी राहिले. किती वेळ ते कळले नाही. एक शेतकरी म्हणाला, "कई देखो हो, बई? फूल तोडना मत." मी तोडणार नव्हते. मला फक्त आठवले की त्या मंगळवारी तळ्याच्या पलीकडचे शेत असेच फुललेले होते, आणि बाबा पूर्ण वेळ तिकडेच पाहत होते.

बाबा धार संस्थानच्या माफी दफ्तरात होते. बाहेरच्या लोकांना हे समजावून सांगावे लागते. आमच्याकडे माफी म्हणजे सारा माफ असलेली जमीन. राजाने कोणाला पूजेसाठी, कोणाला चाकरीसाठी, कोणाला नुसत्या मर्जीने दिलेली. घरात 'माफी' हा शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारला जाई आणि त्यात कधी कोणी कोणाला क्षमा केलेली नसे.

म्हणून अण्णा, माझा भाऊ, देवासहून सुट्टीला आला आणि उंबऱ्याशीच उभा राहून "बाबा, मला माफी मिळाली" असे म्हणाला, तेव्हा बाबांच्या हातातला अडकित्ता थांबला. त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! किती बिघे?"

अण्णाने खांद्यावरची झोळी खाली ठेवली.

"कुठल्या परगण्यात? बागायती आहे का?"

"पापांची, बाबा."

थोरले काका झोपाळ्यावर होते. ते मोठ्याने हसले. बाबाही हसले, त्यांना तो विनोद वाटला, आणि दफ्तरातल्या माणसाशी दफ्तरातला विनोद करणारा मुलगा त्यांना आवडला असावा. त्यांनीही तसेच विचारले, "चाकरीची की बिनचाकरीची?"

"बिनचाकरीची."

"मग टिकायची नाही. बिनचाकरीच्या माफ्या नवा राजा गादीवर आला की तपासायला निघतात. मी स्वतः काढल्या आहेत."

"हा राजा बदलत नाही, बाबा."

"देवासचा ना?" काका म्हणाले. "तिथे एकाच गावात दोन राजे. अरे, आधी बघून घे, थोरल्या पातीच्या राजाने दिली की धाकट्या पातीच्या! रस्ता ओलांडलास तर रद्द व्हायची."

पुन्हा हसणे झाले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते, मीसुद्धा हसले. मग बाबांचे लक्ष अण्णाच्या तोंडाकडे गेले. सुपारीची फोड त्यांच्या मांडीवरून खाली पडली.

"विनू," ते म्हणाले, "तू त्या पाद्र्यांचं पाणी घेतलंस का रे?"

"पुढच्या रविवारी घेणार. तुम्हांला सांगून घ्यावं म्हणून आलो."

अण्णाला कसली माफी हवी होती हे घरात फक्त मला माहीत होते. छपन्याच्या, म्हणजे संवत १९५६ च्या दुष्काळात तो गावाबाहेरच्या अन्नछत्रात लिहिण्याच्या कामावर होता. दुपारची घंटा झाली की फाटक बंद करायचे असा नेम होता. एके दिवशी घंटा झाल्यावर एक बाई आली. अण्णाने तिला हाताने खूण केली, उद्या ये. फाटक लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघडेना; पलीकडून काहीतरी टेकलेले होते. ढकलून उघडावे लागले, आणि तेव्हा त्याला कळले की आपण काय ढकलतो आहोत.

त्याने शास्त्रीबुवांकडून प्रायश्चित्त घेतले. सांगितले ते सगळे केले, उपास, दान, मुंडण. मग मला म्हणाला, "यमू, प्रायश्चित्त पूर्ण झालं. शास्त्रीबुवा म्हणतात मी शुद्ध आहे. पण ती बाई तर काही म्हणाली नाही." त्यानंतर तो जेवताना मध्येच थांबे. देवासला मिशनने दुष्काळातल्या अनाथ मुलांसाठी शाळा काढली होती. तिथे शिकवायला माणूस हवा होता. तो गेला. मला वाटले, तेही प्रायश्चित्तच. तिथे कोणीतरी त्याला सांगितले की हे फेडता येत नाही आणि फेडायचे नाही. ज्याच्यापुढे शेवटी उभे राहायचे त्यानेच ते आपल्या अंगावर घेतले आहे. हे ऐकून आधी आपल्याला राग आला, असे अण्णाने मला सांगितले होते. इतके स्वस्त? मग म्हणाला, "स्वस्त नाही गं. किंमत मला दिसली नव्हती, एवढंच."

मंगळवारी तळ्याकाठी घागर ठेवली आणि काकांनी मथुरेला बोलावले.

मथुरा माळवी बाई. आमची आई गेली तेव्हा अण्णा पाच वर्षांचा आणि मी दोनची. आम्हांला वाढवले ते तिने. ती पदर खोचून पुढे आली, घागरीकडे बघितले, काकांकडे बघितले.

"कई करनो हे?"

"डाव्या पायाने लवंडायची."

"किका नाम की?"

काकांनी नाव सांगितले. मथुरा मागे सरली. "म्हारा से नी होय. यो भिया म्हारी गोद को हे. मारनो होय तो थें मारो, थांका पग नी हे कई?" तुम्हीच मारा, तुम्हांला पाय नाहीत का, असे ती भर ब्राह्मणांत म्हणाली. मग वळली आणि गावाकडे चालू लागली. पुन्हा आमच्या घरी कामाला आली नाही.

भटजी खोळंबले. ऊन उतरायला लागले होते आणि सगळ्यांना आंघोळी व्हायच्या होत्या. काकांनी इकडेतिकडे पाहिले. मी बायकांच्या मागे उभी होते. मी अकराव्या वर्षी विधवा झालेली, तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

"घरात आहे की एक," काका म्हणाले. "पुढे हो गं."

मला कळले नाही. खरोखर कळले नाही. मला वाटले पाणी कमी पडले असेल, घागर पुन्हा भरायची असेल.

"दासी हवी ना?" ते भटजींना म्हणाले. "बोडकी लेक घरात दासीसारखीच. शास्त्राला चालेल?"

भटजींनी थोडा विचार केला आणि चालेल म्हणाले.

मी बाबांकडे पाहिले. बाबा अफूचे शेत पाहत होते. काका माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "नसेल करायचं तर सांग. परवा कन्नौदचा गाडीवान यायचा आहे. सासरी पोचवतो." कन्नौदच्या घरात माझ्यासाठी एक अंधारी खोली आणि जात्याचे काम होते. धारेला माझ्याकडे अण्णाने शिकवलेली अक्षरे होती, त्याने मागे ठेवलेली पुस्तके होती, आणि दुपारी दोन घटका वाचत बसले तर बाबा काही म्हणत नसत.

मी पाय उचलला. पाणी गार होते. घागर एका झटक्यात पालथी झाली नाही, हेलकावून पुन्हा उभी राहिली, म्हणून मला दुसऱ्यांदा मारावे लागले.

पुस्तकांसाठी मी भाऊ दिला. यापेक्षा बरे वाक्य मला इतक्या वर्षांत सापडलेले नाही.

पुढच्या महिन्यापासून त्याची पत्रे यायला लागली. घरच्या पत्त्यावर येणे शक्यच नव्हते. मथुरेच्या झोपडीच्या पत्त्यावर येत. देवळात जाताना मी तिकडून जाई. पहिल्या खेपेला तिने पत्र माझ्या हातात दिले नाही, ओट्यावर ठेवले आणि तोंड फिरवून म्हणाली, "ले जा." दुसऱ्या खेपेलाही तसेच. तिसऱ्या खेपेला मात्र म्हणाली, "खाती-पीती हे कि नी? हाड दिखे थारा." त्या दिवशी मी तिथेच बसून रडले आणि तिने मला ताक दिले.

अण्णाची पत्रे मजेदार असत. "चि. यमूस, मृताचा आशीर्वाद," अशी सुरुवात. "आम्हां मेलेल्यांना इथे थंडी फार वाजते, एक घोंगडी घ्यावी म्हणतो." किंवा, "इथे भररस्त्याच्या मधून दोन राज्यांची हद्द जाते. आमच्या शाळेची म्हैस सकाळी थोरल्या पातीत चरते आणि दुपारी परराज्यात जाऊन बसते. मुलांना भूगोल शिकवणे अवघड झाले आहे." दर दोन-तीन महिन्यांनी एखादे पुस्तक. पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझे नाव, त्याच्या गोल अक्षरात.

मी उत्तरे लिही. सगळे लिही: बाबांचा खोकला, काकांची नवी गाडी, पाऊस. ते एक लिहीत नसे. लिहायला बसले की आधी इकडचे तिकडचे होई, मग कागद संपे. प्रत्येक पत्रात तो मला जितक्या प्रेमाने लिही तितके मला वाटे की हे प्रेम दुसऱ्याच कोणावर आहे. त्याच्या मनात एक बहीण आहे जी अशी नाही, आणि मी तिची पत्रे चोरून वाचते आहे. अशी तीन वर्षे गेली.

चौथ्या माघात धारेला मरी आली. आधी उंदीर पडले, मग माणसे. गाव रिकामा झाला. लोकांनी माळावर गवताच्या झोपड्या बांधल्या. काका मुलाबाळांसह धामनोदला निघून गेले. जाताना म्हणाले, गाडीत जागा नाही. बाबा आणि मी एका झोपडीत राहिलो. समोरच अफूचे शेत होते. फुले गळून बोंडे धरायला लागली होती. पाचव्या दिवशी बाबांना ताप भरला आणि काखेत गाठ आली.

शेजारच्या झोपड्या एका सकाळीत लांब सरकल्या. मी पाणी आणायला गेले आणि परत येते तो आमच्याभोवती मोकळी जमीन. मथुरा तेवढी आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "भिया के खबर भेजी दी हे." मी म्हटले, तो कसा येईल? येऊ द्यायचे का त्याला? ती म्हणाली, "थूं पूछवा वाळी कुण?"

तो तिसऱ्या दिवशी आला. दाढी वाढलेली, खांद्यावर झोळी, अंगावर धूळ. झोपडीच्या दारात वाकून आत शिरला. बाबा शुद्धीवर होते. ते त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग अगदी नेहमीच्या दफ्तरी आवाजात म्हणाले,

"तू तर मेलास ना?"

"हो बाबा. म्हणून तर यायला हरकत नव्हती."

"शिवू नकोस."

"बरं," असे म्हणून अण्णाने त्यांना उचलले, अंगाखालची ओली चटई काढली आणि कोरडी घातली. बाबांनी डोळे मिटून घेतले. पुढचे आठ दिवस ते त्याला रोज शिवू नकोस म्हणत आणि तो रोज बरं म्हणून त्यांची गाठ शेकत असे, कपडे बदलत असे, मळ काढत असे. पाणी मात्र ते माझ्याच हातचे पीत. अण्णा मला हाक मारी, "यमू, महाराजांना पाणी पाहिजे." बाबांना एकदा हसू आले. ते त्यांनी खोकल्यात लपवले.

गाठ फुटली, ताप उतरला. त्या दुपारी आम्ही दोघे बांधावर बसलो. शेतात बायका ओळीने बोंडांना चिरा देत होत्या. चिरेतून दूध येते. ते रात्रभर तसेच ठेवतात, आणि सकाळी खरवडून घेतात. मला आता थांबता येईना.

"अण्णा, तुझी घागर मथुरेनं लवंडली नाही."

"हं."

"मी लवंडली."

"माहीत आहे."

बायका पुढच्या ओळीला लागल्या. त्यांच्यातली एक कोणाच्या तरी नवऱ्याची नक्कल करत होती आणि बाकीच्या हसत होत्या.

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यापासून. मथुरा चालत चालत देवासला आली. माझ्या अंगावर हात फिरवून बघितला, मी आहे की नाही म्हणून. मग सांगितलं. ती वाटेतून मागे वळून बघत राहिली होती, तिला सगळं दिसलं."

मला आधी आनंद झाला नाही. त्याचे एकेक पत्र आठवायला लागले. घोंगडीचे, म्हशीचे. ती सगळी घागरीच्या नंतरची होती. ती सगळी त्याने माहीत असताना लिहिली होती. दुसरी कोणी बहीण नव्हतीच. चि. यमूस म्हणजे मलाच, पाय उचललेल्या यमूलाच. तीन वर्षे ज्याच्यासाठी मी मनात हात जोडून उभी होते ते माझ्या हातात दर महिन्याला येऊन पडत होते आणि मी ते दुसऱ्याचे म्हणून घडी घालून ठेवत होते.

मग राग आला. मी त्याच्या दंडावर मारले. खरेच मारले.

"मग सांगितलं का नाहीस? मला तीन वर्षं नीट झोप नाही!"

अण्णा गोंधळला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो हुशार होता, पण हा विचार त्याला शिवलाच नव्हता.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुला लाज वाटेल. तू आपणहून बोलशील तेव्हा बोलशील. माझ्या बाजूनं तर मिटलेलंच होतं. मथुरेलाही शपथ घातली होती."

"तुझ्या बाजूनं मिटलं होतं! माझ्या बाजूनं?"

त्याने दंड चोळला. नंतर म्हणाला, "चुकलं माझं. माफी दिली आणि सनद पाठवलीच नाही. आपण क्षमा केली याचंच मला बरं वाटत राहिलं. ज्याला केली त्याला कळवायला हवं, नाहीतर तो तुरुंगातच. मी मुलांना रोज हेच शिकवतो, यमू, आणि मला हे कळलं नाही. तू मला क्षमा कर."

मी त्याची क्षमा मागायला बसले होते, आणि तो माझी मागत होता. मी काय म्हणाले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ताप होता. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. हे लिहिताना मधले तीन दिवस माझ्याकडे आहेत, पण ते मी इथे आणणार नाही.

इंदूरहून मिशनचे दोन जण आले. त्यांनी माळाच्या कडेला खड्डा खणला. बाबा आता काठीने उठून बसत होते. मी त्यांना विचारले, सुतक धरायचे ना? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याचं सगळं आधीच झालेलं आहे." त्यांनी आंघोळ केली नाही. ते झोपडीतच बसून राहिले. मी मथुरेबरोबर गेले. लोकांनी प्रार्थना केली, ती मला नीट ऐकू आली नाही. मथुरा मोठमोठ्याने रडत होती आणि मी मातीकडे बघत होते. कोरडी काळी माती, ढेकळे. ज्याला मी एकदा पायाने मारले होते तो माझ्या बापाला वाचवून मेला होता, आणि त्याच्या मनात माझ्याविषयी काहीही नव्हते. काहीही नव्हते, हे कसे झेलायचे? राग असता तर तो मी झेलला असता.

साथ ओसरल्यावर काका परतले, बाबा त्यांच्याकडे राहिले, आणि मी देवासला आले. त्याच्या शाळेत मुलींचा वर्ग होता, तो मला दिला. मथुरा माझ्याबरोबर आली. मी एकवेळ जेवायला लागले. अंथरूण सोडले, जमिनीवर निजू लागले. कोणाला काही सांगितले नव्हते, पण मनाशी पक्के होते: त्याने फुकट दिले असेल, मी फुकट घेणार नाही.

मथुरेने वर्षभर पाहिले. मग एक दिवस संध्याकाळच्या भाकऱ्या माझ्यापुढे आपटल्या. "बई, थूं बामणी की बामणी री. थने फोकट को लेनो आवे ई नी." तुला फुकट घेता येतच नाही! वर म्हणाली, "म्हारे तो आवे. जनम भर कुण ने कई दियो ई नी, तो जो मिले सो ले लूं." तिने तोपर्यंत बाप्तिस्मा घेतला होता. पाळकांनी तिला विचारले होते, तारणासाठी तुम्ही काय कराल? ती म्हणाली होती, "म्हूं कई करूं? वी करी चुक्या नी?" त्यांनी तर करून टाकले ना. पाळक हसले आणि पुढचे प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत.

बाप्तिस्मा घ्यायला मला अजून दोन वर्षे लागली. मी पुस्तके वाचणारी. कृपा हा शब्द मला कळत होता. त्याची व्युत्पत्ती मी मुलींना सांगू शकत होते. पण कृपा घ्यायची म्हणजे आधी हे कबूल करायचे की माझ्या उपासांची कोणाला गरज नाही, आणि त्यात मला अपमान वाटत होता. क्रूसावर खिळे ठोकणाऱ्यांनी क्षमा मागितली नव्हती. त्यांना कळण्याच्या आत ती मागितली गेली होती, त्यांच्या वतीने, वरून. हे मी प्रार्थनेच्या वेळी शंभरदा ऐकले होते. एका रविवारी ते ऐकताना मला एकदम बांधावरची ती दुपार दिसली. माहीत आहे, असे तो म्हणाला होता, इतक्या साधेपणाने. माहीत असूनच आला होता. मी त्या दिवशी घरी येऊन दोन्ही वेळा जेवले. मथुरेने काही विचारले नाही. मीठ जास्त पडले होते, त्यावरून भांडली तेवढी. ती आता नाही. तिच्या बोलण्याशिवाय घर फार मुके वाटते.

मागच्या वर्षी काका वारले आणि चुलतभावांनी बाबांना ठेवायला नको म्हटले. बाबांना आता फारसे दिसत नाही. मी त्यांना इकडे घेऊन आले. ख्रिस्ती लेकीच्या घरी राहायला ते तयार झाले, याचे मला नवल वाटले. पण येताना त्यांनी आपली वेगळी चूल मागितली. एका भिंतीला दोन चुली आहेत. ते चाचपडत आपला भात रांधतात, मी माझा.

अण्णाने केलेली चूक मला करायची नव्हती. मला माहीत आहे की ज्याला क्षमा केली त्याला ते कळवले नाही तर काय होते. म्हणून या माघात, ते शेत पाहून आले त्याच संध्याकाळी, मी त्यांच्यापुढे बसले आणि सांगितले. तळ्याकाठी तुम्ही मला दासी होऊ दिलंत, तिकडे बघत राहिलात, सुतक धरलं नाहीत. माझ्या मनात ते आता नाही. मी तुम्हांला क्षमा केली आहे, बाबा.

ते हाताची बोटे एकमेकांत अडकवून सोडवत होते.

"मी मागितली नव्हती," ते म्हणाले.

"हो."

"शास्त्राप्रमाणं झालं ते."

"हो, बाबा."

"मग कशाला?"

शाळेत मी याच्यावर तासभर बोलू शकते. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग भिंतीला धरून उठले आणि भात करपला का बघायला गेले. भात करपला होता. त्यांनी तो तसाच खाल्ला, माझ्याकडे पाठ करून. त्यांचे खांदे हलत होते की ते नुसते चावत होते, हे मला बसल्या जागेवरून समजले नाही, आणि मी उठून पाहिले नाही.

त्यावर पुन्हा बोलणे झालेले नाही. अण्णाचे नाव ते घेत नाहीत. मी रोज सकाळी शाळेत जाते आणि दीड वाजता परत येते. बाबांचा स्वयंपाक अकराला होतो. मी येईपर्यंत ते जेवत नाहीत.